शून्याच्या डावीकडची मी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी रागात आहे. म्हाताऱ्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की उसासे टाकतात. मीही टाकीन एखादा, पण मला आधी भांडायचं आहे.

मी एक सरकपट्टी. वयाने फार मोठी नाही, पण संगणकाच्या दुनियेत तीन उन्हाळे काढले की लोक जुनं खोड म्हणायला लागतात. पडद्यावर एक आडवी बारीक रेघ असते आणि तिच्यावर एक गोल मणी. मणी धरायचा, डावीकडे न्यायचा, उजवीकडे न्यायचा. मोबाइलचा आवाज कमीजास्त करता ना, ती माझी चुलत बहीण. तिला सगळं गाव ओळखतं. मी मात्र गणिताच्या वहीत राहते. ही वही कागदाची नाही. ते एका सॉफ्टवेअरमधलं पान आहे. त्यावर गणित लिहिलं की खाली त्याचं उत्तर आणि आलेख उमटतो. त्या आलेखातली रेषा किती चढावी, किती उतरावी, हे माझ्या मण्यावर ठरतं.

मला घडवलं प्रज्ञा मॅडमनी. त्या धरणगावच्या आमच्या शाळेत तासिकेवर दहावीला गणित शिकवतात. संगणकाचं शिक्षण त्यांना कुणी दिलं नाही. स्वयंपाक होईस्तोवर फोनवर एकेक व्हिडिओ बघायचा, कुकरची शिट्टी झाली की थांबवायचा, पुन्हा पहिल्यापासून बघायचा, अशा त्या शिकल्या.

माझ्या आधी त्या वहीत एक चौकट होती. तिच्यात आकडा लिहायचा आणि बटण दाबायचं. कुणी मराठी अंक लिही, कुणी अक्षरांत ‘दोन’ लिही, एका पठ्ठ्याने स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. मग पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी शिव्या उमटत. त्या शिव्या नव्हत्या, चूक झाल्याच्या सूचना होत्या, पण लाल रंगात आणि न समजणाऱ्या भाषेत कुणी अंगावर आलं तर तुम्ही त्याला काय म्हणाल? मुलं खुर्ची मागे सरकवत. बिघडलं, म्हणत.

म्हणून मॅडमनी चौकट काढली आणि सरकपट्ट्या आणल्या. मी एकटी नव्हते बरं. आम्ही चौघी होतो, एकीखाली एक. एक रेषेचा चढ बदले, एक रेषा वरखाली सरकवी, एक रंग बदले, चौथी जाडी. मुलांनी आम्हा चौघींना असं काही घुसळलं की तास संपला तेव्हा सगळ्यांना गुलाबी जाड रेघ काढता येत होती आणि चढ कुणालाच कळला नव्हता. त्या संध्याकाळी मॅडमनी तिघींना रजा दिली. मी उरले, चढाची. मला वाईट वाटलं, पण खोटं का बोलू, थोडं बरंही वाटलं.

मग त्यांनी मला नीट मन लावून घडवलं. पहिल्यांदा माझा मणी बारीक बारीक पावलांनी सरके, आणि मुलं एक पूर्णांक सदतीस शतांश असल्या आकड्यांच्या मागे धावत. मॅडमनी माझं पाऊल पावाचं केलं. पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा. हे आकडे मुलांच्या तोंडात आधीपासूनच होते, दूध घ्यायला जातात ती. शाळेचे माउस झिजलेले, म्हणून मणी बोराएवढा केला. माउस अगदीच मेला तर बाणाच्या कळांनीही मी चालावी, अशी सोय केली. मणी हलताना रेघ त्याच क्षणी हलली पाहिजे, यासाठी त्या दोन रविवार डोकं धरून बसल्या. म्हणायच्या, “हात इकडे आणि गंमत तिकडे उशिरा, असं झालं तर पोरांना वाटेल, रेघ आपल्या मनाने हलते.” माझ्या डाव्या टोकाला उणे पाच, उजव्या टोकाला पाच, आणि मधोमध शून्यावर एक छोटी उभी खूण.

मुलांनी मला ‘सरकी’ म्हणायला सुरुवात केली. कापसाच्या गावात राहायचं आणि दुसरं नाव मिळायचं, हे शक्यच नव्हतं.

माझे चांगले दिवस होते ते. भडगावहून शिक्षक मला बघायला आले, माझे फोटो काढले. मला कौतुक आवडतं, नाही कशाला म्हणू? पण त्यातल्या एका गुरुजींनी आपल्या शाळेत जाऊन माझ्यासारखीच एक सरकपट्टी केली आणि तिच्या शेजारी ‘आपोआप’ नावाचं बटण बसवलं. ते दाबलं की मणी स्वतःच इकडून तिकडे फिरतो आणि मुलं हाताची घडी घालून बघत बसतात. मित्रांनो, जेवणाचं ताट समोर ठेवायचं आणि घासही दुसऱ्यानेच चघळायचा, याला जेवण म्हणतात का?

आमचे मुख्याध्यापक नवल सर मनाने वाईट नाहीत. पण वस्तू वापरली की झिजते आणि झाकली की टिकते, हे त्यांचं ठाम मत. संगणकांना त्यांनी झालरीची झाकणं शिवून घेतली आणि भिंतीवर पाटी लावली, ‘परवानगीशिवाय हात लावू नये’. हात लावण्यासाठी जन्मलेल्या मला रोज समोर ती पाटी वाचावी लागे. रागाचं पहिलं कारण हे.

दुसरं आणि मोठं कारण सांगण्याआधी तुम्हाला कामिनी भेटायला हवी.

कामिनी दहावीत फक्त गणितात राहिली. बाकी विषयांत पोरगी बरी होती. तिला धुळ्याच्या आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करायचा आहे. तिथे मावशी राहते, राहण्याची सोय आहे, आणि घरातला मिक्सर, पंखा, शेजारणीची इस्त्री ती आत्ताच दुरुस्त करते. जुलैच्या पुरवणी परीक्षेत गणित सुटलं तर धुळे, नाही तर तिच्या काकांनी पाहून ठेवलेलं स्थळ. हे काका हसत हसत सांगत, पण सांगत.

मॅडमनी तिच्या जुन्या उत्तरपत्रिका काढल्या आणि त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. कामिनीचं गणित चुकतच नव्हतं. ती सगळ्या पायऱ्या बरोबर लिही, शेवटी उत्तर उणे तीन येई, आणि मग ती उण्याचं चिन्ह खोडून नुसतं तीन लिही. आलेख काढताना प्रत्येक रेषा वर चढवी. एकही रेषा उतरत नसे.

“का गं खोडलंस?” मॅडमनी विचारलं.

“उणे उनं की माले वाटे, मनंच चुकनं,” ती म्हणाली. उणे आलं की मला वाटतं, माझंच चुकलं.

मॅडमनी तिला काही समजावलं नाही. माझ्यासमोर बसवलं आणि माउस हातात दिला. “डावीकडे ने. बघ काय होतं ते.”

पोरीने उजव्या टोकाचा मणी धरला. पाचवरून चार, तीन, एक. रेघ हळूहळू झुकत गेली. शून्यावर ती आडवी पडली, पाटासारखी सपाट. तिथे कामिनी थांबली. मग पाव पाऊल, आणखी पाव. रेघ डावीकडून उजवीकडे खाली उतरू लागली.

“हाई ते खाले चालनी, मॅडम.”

“मग? जाऊ दे की. उतार नसतो का रस्त्याला?”

त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. माझी डावी बाजू तिच्या बोटांनी गुळगुळीत झाली म्हणा ना. ती उजवीकडे फारशी जातच नसे. पुन्हा पुन्हा शून्य ओलांडायची, पुन्हा पुन्हा मागे यायची, जसं कुणी नुकतीच सायकल शिकल्यावर त्याच चौकातून फेऱ्या मारतं.

आता ऐका. आमची संगणकाची खोली नवी करून दिली रुपचंदशेठनी. त्यांची जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, घराणं जुनं, राजस्थानातून आलेलं, गावात मान. देणगी दिली, रंग दिला, पंखे दिले. मी त्यांची आभारी आहे, पंख्याखाली संगणक कमी तापतो. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ते खोली बघायला आले. नवल सरांनी पाटीच्या खालीच उभं राहून मला हात लावला आणि मणी इकडून तिकडे नेऊन दाखवला. रेघ चढली, सपाट झाली, उतरली.

शेठजींच्या कपाळाला आठी पडली. “हे काय? रेघ खाली कशी गेली?”

“ऋण चढ आहे शेठजी. अभ्यासक्रमात आहे,” मॅडम म्हणाल्या.

“असेल. पण शुभ दिवशी उतरती रेघ दाखवाल? पाहुणे बसतील, जिनिंगवाले, व्यापारी. खाली जाणारी रेघ म्हणजे आमच्यात काय असतं, तुम्हाला सांगू का? आणि सुरुवात शून्यापासून नको. पाकीट देताना पण आपण नुसते शंभर देतो का? वर एक ठेवतोच ना. सव्वापासून ठेवा. सव्वा, आणि तिथून वर.”

नवल सरांनी मान हलवली. ते मान फार छान हलवतात. मॅडमची नेमणूक दर जूनला नव्याने होते आणि कागदावर सही नवल सरांची लागते, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मलाही.

“एका दिवसाचा तर प्रश्न आहे,” नवल सर म्हणाले.

मॅडमनी वहीतली एक ओळ उघडली. उणे पाच खोडलं, सव्वा लिहिलं.

मित्रांनो, मला दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, मी ओरडले तरी असते. सर्वांत संतापाची गोष्ट ही, की माझी लांबी पडद्यावर तेवढीच राहिली. इथूनतिथून तेवढीच रेघ, तेवढाच बोराएवढा मणी. फक्त डाव्या टोकाला आता सव्वा लिहिलेलं. जिचं अर्ध्याहून जास्त अंग कापलंय ती बाहेरून पहिल्यासारखीच दिसत होती. एखाद्याचा हात तुटला तर लोक हळहळतात. हद्द कापली तर कुणाला दिसतसुद्धा नाही.

सगळे गेले आणि थोड्या वेळाने कामिनी आली, नेहमीसारखी. झालर बाजूला केली. मणी धरला, डावीकडे ओढला. मणी टोकाला जाऊन थांबला. तिने पुन्हा ओढला. माउस उचलून आपटला, ओढणीने पुसला, बाणाची कळ दाबून बघितली. रेघ वरच चढत राहिली. मी तिला काय सांगणार? मला तोंड नाही, मला फक्त एक आकडा आहे, आणि तो सव्वा होता.

तिने भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं. मग झालर नीट पांघरली, अगदी काळजीने, जसं आजारी माणसाला पांघरूण घालतात, आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. माझ्या पडद्याला हळदकुंकू लागलं. कुंकवाचं बोट नेमकं माझ्या शून्याच्या जागी पडलं, आता तिथे शून्य नव्हतं ही गोष्ट वेगळी. खोली भरली होती. पुढच्या ओळीत रुपचंदशेठच्या आई झमकूबाई बसल्या होत्या, वय ऐंशीच्या पुढे, पण कान शाबूत. मागे भिंतीला टेकून मुलं, त्यांत कामिनी.

“शेठजी, आपल्या शुभहस्ते रेघ वर न्यायची,” नवल सर म्हणाले आणि हळूच कानात, “उजवीकडे ओढा.”

शेठजींनी ओढलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर रेघ सरळ उभी होत गेली. टाळ्या पडल्या. इथेच थांबायचं ठरलं होतं.

पण मला हात लावणाऱ्या माणसाबद्दल मला जे कळलंय ते शेठजींना आणि सरांना कुठून कळणार? एका टोकाला गेलेला हात दुसरं टोक बघितल्याशिवाय राहत नाही. पहिलीतलं पोर असो की जिनिंगचा मालक. शेठजींचा हात आपसूक डावीकडे आला. पाच, तीन, दोन, सव्वा. आणि अडकला.

त्यांनी जोरात ओढलं. माउस टेबलावरून घसरला आणि नारळाच्या पाण्याच्या वाटीवर आपटला.

“अटकली की हो,” शेठजी म्हणाले. हसले, पण ते दुकानदाराचं हसू होतं. “मॅडम, माल तपासून घेत नाही का तुम्ही?”

पाहुणे हसले. शेठजींना आदल्या दिवशीचं आपलंच बोलणं आठवत नव्हतं. त्यांच्या दृष्टीने त्यांनी एक शुभ सूचना केली होती, काही कापलं नव्हतं.

नवल सरांना मात्र आठवत असावं, कारण ते घाईने मुलांकडे वळले. “कुणी हात लावला होता याला? पाटी वाचता येत नाही?”

तेवढ्यात मागून कामिनी पुढे आली.

“सर, मना हातथी बिघडी गयी ती. काल मी ओढी राहिनी होती.” तिने मान खाली घातली होती. “मी दुरुस्त करी देसू. पण मॅडमले काही नका बोलू.”

मित्रांनो, त्या क्षणी मला जो राग आला तो मी अजून विझवलेला नाही. कापणाऱ्यांनी कापलं, मान हलवणाऱ्यांनी हलवली, आणि चूक कबूल करायला उभी राहिली कोण? जिने फक्त डावीकडे जाऊन पाहिलं, ती. उण्याचं चिन्ह खोडणारी तीच सवय. काही अडलं की माझंच चुकलं.

प्रज्ञा मॅडम टेबलाजवळ उभ्या होत्या. नवल सर त्यांच्याकडे बघत होते, गप्प राहा अशा डोळ्यांनी.

“खाली बस, कामिनी,” मॅडम म्हणाल्या. “नाही, थांब. बसू नकोस, इथे ये. हिने काही बिघडवलं नाही. शेठजी, सरकपट्टी अडकत नाही, ती तिथे संपते. तुम्ही सव्वापासून वर म्हणालात, सरांनी मान हलवली आणि मी डावी बाजू कापली. तिघांत माझी चूक मोठी. कारण गणित मला येतं.”

शेठजींचा चेहरा उतरला. “आता मला काय माहीत, पोरीवर येईल म्हणून. मी आपलं शुभ म्हणून...”

“रुपचंद,” झमकूबाई बसल्या जागेवरून बोलल्या. आवाज बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला. “जिनिंगला आग लागली होती तेव्हा दोन वर्षं आपली रेघ कुठे होती रे? वर?”

“आई, इथे कशाला ते.”

“इथे नको तर कुठे? त्याच दोन वर्षांत तू हिशेब शिकलास. त्याआधी नुसता स्कूटर फिरवायचास.”

आता हसू फुटलं ते वेगळं होतं. शेठजीही त्यात सामील झाले, आधी नाइलाजाने, मग खरोखर. रुमालाने माउस पुसून त्यांनी तो कामिनीपुढे सरकवला. “मग दाखव बाई. डावीकडे असतं तरी काय, आम्ही पण बघू.”

मॅडमनी वही उघडली आणि सगळ्यांसमोर ती ओळ दुरुस्त केली. सव्वा गेलं, उणे पाच आलं. माझं अंग मला परत मिळालं. मी तुम्हाला सांगू शकत नाही कसं वाटतं ते. बधिर पायात पुन्हा मुंग्या येतात ना, काहीसं तसं.

कामिनीने मणी धरला आणि मॅडमकडे पाहिलं. “अटकनी ते?”

“अटकली तर मी आहे.”

रेघ झुकत आली. शून्यावर आडवी पडली. जिनिंगवाले, व्यापारी, नवल सर, सगळे श्वास धरून बघत होते, जसं काही आता छत कोसळणार. कामिनीने आणखी पाव पाऊल टाकलं. रेघ शांतपणे दुसऱ्या बाजूला कलली आणि उतरू लागली.

छत जागच्या जागी होतं. पंखे फिरत होते.

“एवढंच?” शेठजी म्हणाले.

“एवढंच,” झमकूबाई म्हणाल्या. “चला आता, पेढे वाटा.”

नवल सरांनी मॅडमच्या नेमणुकीच्या कागदावर सही केली, पण चार दिवस उशिराने. त्या चार दिवसांबद्दलही माझा राग आहे, तोही लिहून ठेवा. ‘हात लावू नये’ची पाटी अजून भिंतीवर आहे, मात्र तिच्यावर कुणीतरी कॅलेंडर अडकवलंय. कुणी ते मला ठाऊक आहे. मी सांगणार नाही.

पुरवणी परीक्षेचा गणिताचा पेपर झाला त्या दुपारी कामिनी थेट शाळेत आली. प्रवेशपत्र अजून हातातच होतं. दोन बिंदू दिले होते, चढ काढायचा होता.

“उत्तर उणे उनं, मॅडम,” ती म्हणाली. “मी ते खोडं नही.”

मॅडमनी खुर्ची पुढे ओढून दिली. कामिनी माझ्यासमोर बसली आणि कारण नसताना मणी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन आणला.

निकाल अजून लागायचा आहे. धुळ्याची मावशी रोज फोन करते.

तर मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. मला झालर नको, कुंकू नको, आणि माझ्या वतीने कुणी आपोआप फिरायला तर मुळीच नको. मला हात लावा, खुशाल झिजवा. दोन्ही टोकांपर्यंत ओढून बघा. आणि कुठे अडलात, माझ्यापाशी किंवा आणखी कुठेही, तर लगेच मान खाली घालून ‘माझ्या हातून बिघडलं’ असं म्हणू नका. आधी मान वर करून विचारा, ही इथे कुणी कापली?